स्टूल नको

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या बोरीत
सात घरांना स्टूल लागत नाही.
सगुण वेरेकर येतो, चपला पायरीवर काढतो,
दारातून आत शिरताना मान अशी वाकवतो
की वाटावं देवालाच नमस्कार केला.
देव अजून यायचा असतो.
ती चौकटीशी केलेली जुनी तडजोड.

सहा फूट पाच.
त्यातला एक इंच बांबोळीच्या डॉक्टरकडे जमा आहे, म्हणतो.
गुडघे उघडले तेव्हा तिथेच राहिला,
पावती दिली नाही.

मी त्याच्याच संघातला, बारावा.
बारावा म्हणजे टॉवेल, पाण्याची बाटली
आणि सामना पुरता हरल्यावर शेवटची दोन मिनिटं.
पण तो उडायचा तेव्हा त्याचे डोळे रिंगवर,
माझे त्याच्या पायांवर.
डाव्या बुटाचा तळ मोच्याने दाभणाने शिवलेला,
तो जमिनीपासून सुटला की
वास्कोहून आलेली टगी पोरंसुद्धा
शिट्टी तोंडात धरून गप्प.

एकदा एकट्याने एकोणचाळीस गुण.
पेपरात फोटो आला, खाली नाव छापलं
सुगंध वेरेकर.
आईने कात्रण तरीही जपलं.
म्हणाली, असूं दी, वास बरो आसा.

मग बंदरात नोकरी, खेळाच्या कोट्यातून.
क्रेन खनिज उचलायच्या,
हा त्यांचे तास वहीत लिहायचा,
टेबलाखाली पाय मावेनात म्हणून तिरका बसून
एकतीस वर्षं.
निरोपाला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळाकडे बराच वेळ बघून मला म्हणाला,
हे पुढे जातं रे.
आपलं मागे यायचं.

त्यानंतरचं वर्ष मी लिहिणार नाही.
एवढंच, की त्या चवथीला तो घराबाहेर पडला नाही
आणि सात घरांनी त्याला न सांगता
शेजारून स्टुलं मागून आणली.
पार्वतबाय पडली. मनगट मोडलं.
संध्याकाळी हा तिच्या दारात उभा,
दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली.
प्लास्टरकडे बघितलं. बोलला नाही.
अर्धी राहिलेली माटोळी बांधून टाकली,
चहा न घेता गेला.

पुढच्या वर्षी
तिने भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवली होती,
सगुणाचा हात इथवर पोचतो, अशी.
सुतार आता चौकट त्याच मापाने लावतो.

रिंग दहा फुटांवर, माटोळी आठावर.
दोन फूट खाली आलो, म्हणतो,
बरं झालं, उडावं लागत नाही.

केवणीचे दोर दातांत धरून तो उभा असतो.
सुपारीचे कात्रे, आंबाडे, कुड्याच्या शेंगा,
कांगलांची लाल माळ, एक चिबूड.
तोरंजन आलं की मात्र लगेच बांधत नाही.
पाच बोटं पसरून ते एका हातात पालथं धरतो,
खाली पडत नाही.
पार्वतबायची नात बघतच राहते.
टाक मरे आजोबा, म्हणते, टाक!
तो बघतो आधी चौकटीकडे, मग तिच्याकडे,
मग दोन गाठी मारून ते नीट बांधतो
आणि बोटं थोडा वेळ तशीच पसरलेली राहतात.

मी खालून एकेक फळ देतो.
इतक्या वर्षांत
माझा पास त्याच्या हातात जायची ही पहिलीच जागा.
हे त्याला कधी सांगितलेलं नाही.
सांगून काय,
तो वरूनच ओरडतो:
छातीशी काय देतोस, मेल्या?
खांद्यावर दे.
वर दे.